जन्मठेपेच्या बंद्याची मुदतपूर्व सुटका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मुख्यतः महाराष्ट्रातल्या शिक्षाबंद्यांच्या घरच्यांसाठी आणि अशी प्रकरणं पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या वकिलांसाठी आहे. सुटकेचा निर्णय जवळजवळ पूर्णपणे कागदांवर होतो. बंद्याला समोर बसवून कुणी काही विचारत नाही. त्यामुळे फायलीत काय आहे आणि काय राहून गेलंय, यावर माणसाची पुढची पाच-दहा वर्षं ठरतात. खाली दिलेल्या बहुतेक चुका वेळेत लक्षात आल्या तर दुरुस्त होतात.

आपल्याकडे पॅरोल बोर्ड असतं का?

सिनेमात दिसतं तसं नाही. शिक्षा संपण्याआधी बंद्याला सोडण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३२ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७३ मध्ये आहे. काही राज्यांत यासाठी शिक्षा पुनर्विलोकन मंडळ असतं. दिल्लीतल्या मंडळात तुरुंग खात्याचे मंत्री, गृह आणि विधी खात्याचे सचिव, जिल्हा न्यायाधीश, पोलीस आणि तुरुंग खात्याचे वरिष्ठ अधिकारी बसतात. महाराष्ट्रात कारागृहाच्या पातळीवर सल्लागार मंडळ आपलं मत नोंदवतं, पण नावाप्रमाणेच ते सल्ला देतं. अंतिम आदेश मंत्रालयातल्या गृह विभागाचा असतो.

पॅरोल, फर्लो आणि मुदतपूर्व सुटका यांत फरक काय?

पहिल्या दोन रजा आहेत, तिसरी सुटका. फर्लो म्हणजे संचित रजा: ठरावीक शिक्षा भोगल्यावर, घराशी आणि समाजाशी नातं टिकावं म्हणून. तिला वेगळं कारण लागत नाही. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा: जवळच्या माणसाचं गंभीर आजारपण, मृत्यू, लग्न, पत्नीचं बाळंतपण, घर पडणं, पूर अशा कारणासाठी. दोन्ही रजा १९५९ च्या मुंबई फर्लो व पॅरोल नियमांखाली मिळतात आणि त्या नियमांत गेल्या काही वर्षांत अनेकदा बदल झालेत. म्हणून अर्ज करण्यापूर्वी तुरुंग कार्यालयातून आजचा नियम विचारून घ्या, शेजारच्या बराकीतल्या बंद्याला २०१५ मध्ये काय मिळालं होतं ते धरून चालू नका.

मुदतपूर्व सुटकेत उरलेली शिक्षा सरकार माफ करतं आणि माणूस अटींवर घरी जातो. घरचे लोक सरसकट ‘पॅरोलवर सुटणार’ असं म्हणतात आणि चुकीच्या टेबलावर अर्ज देतात, त्यात महिने जातात. अर्जाच्या विषयात ‘मुदतपूर्व सुटका’ असंच लिहा.

जन्मठेप म्हणजे १४ वर्षं ना? की २०?

दोन्ही नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच ‘गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सांगितलंय. कायद्यात २० वर्षांचा उल्लेख येतो तो फक्त शिक्षेचा अर्धा किंवा चौथा हिस्सा काढायचा असेल तर हिशेबासाठी. १४ वर्षांचा आकडा कलम ४३३-अ मधला आहे (आता नव्या संहितेत कलम ४७५). ते कलम १८ डिसेंबर १९७८ पासून लागू झालं. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे त्यात जन्मठेप झाली असेल, किंवा फाशीची जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष १४ वर्षं तुरुंगात काढल्याशिवाय सरकार सोडू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चौदाव्या वर्षी दार उघडत नाही, चौदाव्या वर्षी फाईल उघडते.

आणखी एक गोष्ट निकालपत्रातच तपासा. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द करताना ‘२५ वर्षं’ किंवा ‘३० वर्षं माफीशिवाय’ असं लिहिलं असेल, तर ती मुदत संपेपर्यंत हा मार्ग बंद असतो. २०१५ च्या श्रीहरन प्रकरणात घटनापीठाने अशा शिक्षा वैध ठरवल्या. मात्र सत्र न्यायालयाला अशी शिक्षा देता येत नाही. सत्र न्यायालयाच्या आदेशात तसे शब्द असतील तर वकिलाला लगेच दाखवा.

ती १४ वर्षं कधीपासून मोजायची?

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून हिशेब नीट मांडून दाखवतो.

शिक्षा होण्यापूर्वी कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस धरले जातात. जन्मठेपेलाही ही वजावट लागू आहे, हे १९८५ पासून ठरलेलं आहे. जामिनावर बाहेर असलेले दिवस धरत नाहीत, मग तो जामीन खटला चालू असतानाचा असो की अपील प्रलंबित असतानाचा. पॅरोलचे दिवसही धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातल्या जन्मठेपेच्या बंद्यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं: प्रत्यक्ष कैद मोजताना पॅरोलचा काळ वगळायचा. त्याच वर्षी मार्चमध्ये हरियाणाच्या एका प्रकरणात कोविड काळातल्या सुटकेबद्दलही तेच सांगितलं. फर्लोची गोष्ट वेगळी आहे. अटी पाळल्या असतील तर ती रजा शिक्षेतच धरली जाते. तुरुंगात मिळालेली माफी (काम, वर्तणूक अशा कारणांनी शिक्षेतून वजा होणारे दिवस) मात्र या प्रत्यक्ष १४ वर्षांत धरायची नाही. तिचा उपयोग पुढच्या टप्प्यावर होतो.

उदाहरण घ्या. अटक १० मार्च २०१०. जामीन १० सप्टेंबर २०११. शिक्षा ५ फेब्रुवारी २०१४ ला, त्या दिवसापासून आत. मधे ४५ दिवसांचा एक पॅरोल, शिवाय कोविडमध्ये १८ महिने घरी. घरचे म्हणतात, ‘२०१० पासून आहे, म्हणजे ५ फेब्रुवारी २०२६ ला सोळा वर्षं होत आली.’ खरा हिशेब असा: शिक्षेपासून १२ वर्षं, त्यात कच्च्या कैदेचे १८ महिने मिळवले की साडेतेरा वर्षं. त्यातून कोविडचे १८ महिने गेले, उरली १२ वर्षं. त्यातून ४५ दिवस गेले, म्हणजे साधारण ११ वर्षं साडेदहा महिने. यानंतर रजा घेतली नाही तर १४ वर्षं २१ मार्च २०२८ च्या सुमारास पूर्ण होतील.

कोविडचे दिवस बऱ्याच कुटुंबांच्या लक्षातच येत नाहीत. त्या वेळी ४५ दिवसांची रजा दिली होती आणि ती ३०-३० दिवसांनी वाढत गेली. काही बंदी दीड-दोन वर्षं घरी राहिले. तो सगळा काळ कैदेच्या हिशेबातून बाहेर जातो.

तुरुंग कार्यालयातून नॉमिनल रोलची प्रत मागा. त्यात अटक, जामीन, प्रत्येक रजेची जाण्या-येण्याची तारीख, मिळालेली माफी आणि झालेल्या शिक्षा असतात. ती वॉरंट, जामिनाचे आदेश आणि घरच्या कागदांशी ताडून पाहा. नेहमीची चूक म्हणजे कच्च्या कैदेचा काळ अर्धवट लागलेला असतो. बंदी आधी पोलीस कोठडीत, मग एका जिल्हा कारागृहात, नंतर मध्यवर्ती कारागृहात असा फिरलेला असेल तर सुरुवातीचे काही महिने नोंदीतून सुटतात. न्यायालयाच्या रिमांडच्या नोंदी जोडून दुरुस्तीचा अर्ज द्या.

१४ वर्षं पूर्ण झाली, तरी ‘अजून वेळ आहे’ असं का सांगतात?

कारण महाराष्ट्रात प्रवर्ग आहेत. शासनाने मार्गदर्शक तत्त्वं ठरवताना गुन्ह्यांची विभागणी केली आहे आणि प्रत्येक प्रवर्गाला वेगळा कालावधी दिलाय. रागाच्या भरात, पूर्वतयारी नसताना झालेल्या खुनाला कमी. कट करून, टोळीने, क्रूरपणे केलेल्या किंवा स्त्री-बालकांच्या खुनाला जास्त. पार्श्वभूमी गुन्हेगारी असेल तर आणखी जास्त. हा प्रवर्गाचा कालावधी माफी धरून मोजतात. म्हणजे प्रवर्ग २२ वर्षांचा असेल, तर प्रत्यक्ष १६ आणि माफी ६ अशी बेरीज चालते. प्रत्यक्ष कैद मात्र १४ च्या खाली जाऊन चालत नाही.

यामुळे बंद्याची कमावलेली माफी फार मोलाची ठरते. नेमून दिलेलं काम, चांगली वर्तणूक, शिक्षण, रक्तदान, विशेष प्रसंगी शासनाने दिलेली माफी हे सगळं इथे मोजलं जातं.

प्रवर्ग चुकीचा लागला तर चार-सहा वर्षांचा फरक पडतो. प्रवर्ग ठरवायचा तो निकालपत्रात सिद्ध झालेल्या गोष्टींवरून. दोषारोपपत्रात पोलिसांनी काय म्हटलं होतं त्यावरून नव्हे. आरोपपत्रात ‘कट रचून’ असं असेल पण न्यायालयाने कटाच्या आरोपातून मुक्त केलं असेल, तर कटाचा प्रवर्ग लावता येत नाही. दहा आरोपींपैकी आठ सुटले असतील तर ‘टोळीने केलेला खून’ म्हणता येतं का, हाही प्रश्न आहे. अपिलात उच्च न्यायालयाने निष्कर्ष बदलले असतील तर अपिलाचं निकालपत्र फायलीत हवंच. अनेक फायलींत फक्त सत्र न्यायालयाचा निकाल असतो आणि प्रवर्ग त्यावरूनच लागून जातो.

शासन निर्णय बरेच आहेत. आम्हाला कोणता लागू?

महाराष्ट्रात ११ मे १९९२ आणि १५ मार्च २०१० चे निर्णय सर्वांत जास्त वापरात येतात. दरम्यान इतरही निघालेले आहेत. मूळ नियम असा की शिक्षा झाली त्या तारखेला जे धोरण होतं ते लागू. २०१० च्या जगदीश प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुढे सांगितलं की नंतर अधिक सवलतीचं धोरण आलं असेल तर त्याचा फायदा बंद्याला द्यायचा. नंतर आलेलं कडक धोरण जुन्या बंद्यावर लादता येत नाही. म्हणून दोन्ही धोरणांतला प्रवर्ग शेजारी-शेजारी लिहून काढा. अर्जात साफ मागणी करा: ‘दोन्ही निर्णयांनुसार तपासून बंद्यास हितकारक असेल तो लागू करावा.’

फाईल कुठून कुठे जाते?

कारागृह अधीक्षक प्रस्ताव तयार करतात. त्यात नॉमिनल रोल, निकालपत्रं, वर्तणुकीचा अहवाल, वैद्यकीय अहवाल असतात. पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांचा अहवाल, जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं मत आणि शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत मागवलं जातं. सल्लागार मंडळाचं मत जोडलं की प्रस्ताव पुण्याला, अपर पोलीस महासंचालक व कारागृह महानिरीक्षकांच्या कार्यालयात जातो. तिथून गृह विभागाकडे.

फाईल अडते ती बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यावर, कुणाच्या तरी अहवालाची वाट पाहत. मंत्रालयात खेटे घालण्यापूर्वी तुरुंगातून एवढंच विचारा: कोणता अहवाल आला, कोणता नाही, स्मरणपत्र कधी गेलं, त्याचा जावक क्रमांक काय. जावक क्रमांक हातात असला की पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयाच्या कार्यालयात तो कागद शोधता येतो. नाहीतर ‘आमच्याकडे काही आलेलं नाही’ हे उत्तर ठरलेलं.

न्यायाधीशांचं मत किती महत्त्वाचं?

ते मागवणं बंधनकारक आहे. मूळ न्यायाधीश बदलून गेले किंवा निवृत्त झाले तर त्या न्यायालयाचे आजचे पीठासीन न्यायाधीश जुना अभिलेख पाहून मत देतात. अडचण अशी की वीस वर्षांपूर्वीच्या खटल्याचं दप्तर पाहायला वेळ काढावा लागतो आणि काही वेळा दोन ओळींत ‘गुन्हा गंभीर असल्याने शिफारस करता येत नाही’ एवढंच लिहून येतं.

असं मत पुरेसं नाही. एप्रिल २०२२ मध्ये छत्तीसगडच्या रामचंदर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते बाजूला ठेवून पुन्हा, कारणांसह मत द्यायला सांगितलं. गुन्हा गंभीर होता म्हणूनच जन्मठेप झाली. तेच कारण पुन्हा सांगून सुटका नाकारायची तर कायद्यातल्या या कलमाला अर्थच राहत नाही. २०२३ च्या बिहारच्या राजो प्रकरणात न्यायालयाने हेही सांगितलं की न्यायाधीशांच्या मतावर एकट्यावर निर्णय टांगून ठेवता येत नाही, बंद्याचा तुरुंगातला आजवरचा प्रवास पाहायला हवा.

पोलिसांचा अहवाल नेहमी विरोधातच का असतो?

नेहमी नसतो, पण बऱ्याचदा असतो. ‘सुटका झाल्यास गावात शांतता भंग होण्याची शक्यता आहे’ हे वाक्य ठरल्यासारखं येतं. ठाण्यातल्या अधिकाऱ्याने बंद्याला कधी पाहिलेलं नसतं. विरोध केला तर त्याच्यावर काही जबाबदारी येत नाही, शिफारस केली आणि पुढे काही घडलं तर येते. हे समजून घेतलं की काय करायचं ते कळतं: अधिकाऱ्याला शिफारस करता येईल असा आधार द्या.

चौकशीला अंमलदार घरी येतो तेव्हा घरात कुणीतरी कर्ता माणूस असावा. राहायची जागा, कमाईचं साधन, जबाबदारी घेणारा नातेवाईक यांचे कागद तयार ठेवा. पीडित कुटुंब त्याच गल्लीत राहत असेल तर आधीच दुसऱ्या गावचा पत्ता द्या: बहिणीचं घर, मामाचं घर, त्या घरमालकाची लेखी संमती. हा एक कागद अहवालाची दिशा बदलू शकतो. बंदी यापूर्वी फर्लो-पॅरोलवर त्याच गावात येऊन राहिला असेल आणि एकही तक्रार नसेल, तर तारखांसह ते जबाबात नोंदवायला सांगा. आठ वेळा शांतपणे येऊन वेळेवर परत गेलेल्या माणसाबद्दल ‘शांतता भंग’ कशाच्या आधारावर म्हणायचं, हा मुद्दा पुढे उच्च न्यायालयातही उपयोगी पडतो.

शेवटी निर्णय घेताना नेमकं पाहतात काय?

लक्ष्मण नासकर प्रकरणात (२०००) पाच कसोट्या आल्या आणि आजही त्यांवरच प्रकरण तोललं जातं. गुन्हा व्यक्तिगत स्वरूपाचा होता की समाजावर परिणाम करणारा. पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता आहे का. गुन्हा करण्याची ताकद किंवा प्रवृत्ती उरली आहे का. आणखी आत ठेवून काही साधणार आहे का. आणि कुटुंबाची सामाजिक-आर्थिक स्थिती काय.

अर्ज लिहिताना या पाचही मुद्द्यांवर वेगवेगळं लिहा. ‘घरी म्हातारी आई आहे, दया करावी’ एवढ्या अर्जाने पाचवी कसोटी भरते, बाकी चार रिकाम्या राहतात. तिसऱ्या मुद्द्याला वय आणि आजाराची कागदपत्रं लागतात. दुसऱ्याला आतली वर्तणूक, रजांचा इतिहास आणि इतर गुन्हा प्रलंबित नसल्याचा दाखला. खुल्या कारागृहात निवड झाली असेल तर ते ठळकपणे लिहा. पैठण, विसापूर, मोर्शी किंवा येरवड्याच्या खुल्या कारागृहात भिंतींपेक्षा विश्वासावर काम चालतं. तिथे काही वर्षं काढलेला बंदी पळून गेलेला नाही, हा कोणत्याही शिफारसपत्राहून मोठा पुरावा आहे.

रजेवरून दोन-चार दिवस उशिरा हजर झाला तर फरक पडतो का?

फार पडतो. माफी कापली जाते, पुढची रजा अडते, मुदत बरीच उलटली आणि पोलिसांनी पकडून आणलं तर वेगळा गुन्हाही नोंदवला जातो. मुदतपूर्व सुटकेच्या फायलीत ‘फरार होता’ ही नोंद पुसली जात नाही. उशीर व्हायचं खरं कारण असेल, जसं की अपघात किंवा दवाखान्यात भरती, तर मुदत संपण्याआधी तुरुंगाला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवा, पोच घ्या, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. नंतर दिलेलं स्पष्टीकरण क्वचितच मानलं जातं. स्वतःहून हजर होणं आणि पकडून आणणं यातही मोठा फरक आहे, म्हणून उशीर झालाच तर त्याच दिवशी स्वतः जाऊन हजर व्हावं.

पीडित कुटुंबाचं म्हणणं ऐकतात का?

पोलीस चौकशीत त्यांचा जबाब घेतला जातो आणि आदेश बेकायदा वाटला तर त्यांना न्यायालयात जाता येतं. त्यांचं दुःख शिल्लक असतं आणि बोलण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. बंद्याच्या घरच्यांनी त्यांच्याकडे जाऊन ‘ना हरकत’ लिहून घेण्याचा प्रयत्न करू नये. दबाव आणल्याची एक तक्रार अख्खी फाईल बुडवते आणि ते योग्यच आहे.

शिक्षा एका राज्यात, गुन्हा दुसऱ्या राज्यात. निर्णय कुणाचा?

जिथल्या न्यायालयात शिक्षा झाली त्या राज्याचा. बिल्किस बानो प्रकरण याचं सर्वांत ठळक उदाहरण. गुन्हा २००२ मध्ये गुजरातेत घडला, खटला मुंबईत चालला, शिक्षाही तिथेच झाली. गुजरात सरकारने ११ जणांना १५ ऑगस्ट २०२२ ला सोडलं. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता. त्यांना पुन्हा तुरुंगात जावं लागलं. बंदी कोणत्या तुरुंगात आहे यावरून अधिकार ठरत नाही.

तपास सीबीआयसारख्या केंद्रीय यंत्रणेने केला असेल तर केंद्राची सहमती लागते (नव्या संहितेत कलम ४७७). अमली पदार्थांच्या कायद्यातल्या शिक्षेत कलम ३२-अ मुळे माफीच मिळत नाही. मात्र त्या कलमामुळे पॅरोल आपोआप बंद होत नाही, हे २००० मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरलंय.

अर्ज करावाच लागतो का?

१८ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्याचं धोरण असेल तर पात्र झालेल्या प्रत्येक बंद्याचा विचार सरकारने आपणहून करायचा, अर्जाची वाट पाहायची नाही. तरीही अर्ज द्याच. अर्जासोबत तुमचे कागद फायलीत जातात आणि तारीख नोंदली जाते.

प्रौढ बंद्याचा अर्ज कारागृह अधीक्षकांमार्फतच जायला हवा. घरच्यांनी केला तर ‘बंदी सध्या तुरुंगात आहे’ असं निवेदन त्यात असावं लागतं. हे वाक्य नसेल तर कायद्याने अर्ज विचारात घेता येत नाही. १४ वर्षं पूर्ण व्हायच्या साधारण सहा महिने आधी कागद गोळा करायला लागा.

दंड भरलेला नाही. त्याने काय होतं?

जन्मठेप माफ झाली तरी दंड न भरल्याबद्दलची कैद उरते. अनेक कलमांखाली दंड असेल तर त्या कैदा एकामागून एक भोगाव्या लागतात. त्या एकदम चालत नाहीत, हे २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्या एका बंद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. आदेश येऊनही पाच-दहा हजारांसाठी माणूस आत अडकल्याची उदाहरणं आहेत. दंडाची रक्कम आधीच विचारून भरा आणि पावतीची प्रत तुरुंगात द्या.

नकार आला. आता?

आधी आदेशाची प्रत मिळवा. २०२५ च्या त्याच निकालानुसार आदेशात थोडक्यात तरी कारणं हवीत, तो बंद्याला तुरुंगामार्फत तातडीने कळवायचा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांनाही प्रत पाठवायची आणि आव्हान देण्याचा हक्क आहे हेही सांगायचं. तोंडी ‘नामंजूर झालं’ यावर थांबू नका.

कारणं तपासा: प्रवर्ग चुकला का, दिवस चुकले का, न्यायाधीशांच्या मतात कारणं आहेत का, चुकीचं धोरण लावलंय का, फक्त गुन्ह्याच्या गांभीर्यावर बोट ठेवलंय का. यांपैकी काहीही असेल तर उच्च न्यायालयात फौजदारी रिट याचिका करता येते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा या पीठांबरोबर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंचही सुरू झालंय. वकील नसेल तर बंदी तुरुंगातूनच साध्या पत्राने याचिका पाठवू शकतो.

अपेक्षा बेतानेच ठेवा. न्यायालय सहसा थेट सुटकेचा आदेश देत नाही. चुकीचा आदेश रद्द करून ठरावीक आठवड्यांत नव्याने निर्णय घ्यायला सांगतं. सुटका हा बंद्याचा हक्क नाही, पण आपल्या प्रकरणाचा नियमाप्रमाणे आणि मनापासून विचार व्हावा हा नक्कीच हक्क आहे. सगळी लढाई त्यासाठीच असते.

राज्यपालांकडे थेट जाता येतं का?

हो. घटनेच्या अनुच्छेद १६१ खालचा अधिकार वेगळा आहे आणि त्याला १४ वर्षांची अट बांधत नाही. पण राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, त्यामुळे फाईल फिरून सरकारकडेच येते. दुर्धर आजार किंवा अतिवृद्ध बंद्यासाठी हा मार्ग जरूर वापरावा.

परदेशात बंद्याची सुनावणी होते म्हणतात. ते कसं?

इंग्लंड-वेल्समध्ये पॅरोल बोर्ड स्वतंत्र आहे. त्यात न्यायाधीश, मानसशास्त्रज्ञ, मनोविकारतज्ज्ञ असतात आणि लोकांच्या सुरक्षेसाठी कैद अजून गरजेची आहे का, हाच प्रश्न पाहिला जातो. कॅलिफोर्नियात आयुक्तांचं पॅनल बंद्याला समोर घेऊन प्रश्न विचारतं. नकार दिला तर पुढची सुनावणी ३, ५, ७, १० किंवा १५ वर्षांनी, आणि खुनाच्या प्रकरणात गव्हर्नर मंजुरी उलटवू शकतात. अमेरिकेच्या संघीय कायद्यात मात्र १ नोव्हेंबर १९८७ नंतरच्या गुन्ह्यांना पॅरोलच नाही. आपल्याकडे बंद्याचं म्हणणं समोरासमोर ऐकण्याची पद्धत नाही, ही मोठी उणीव आहे. माणूस बदलला की नाही हे त्याच्याशी अर्धा तास बोलल्याशिवाय कसं कळणार?

सुटकेनंतर कोणत्या अटी असतात?

जातमुचलका, ठरावीक काळ पोलीस ठाण्यात हजेरी, नवा गुन्हा न करणं, पीडित कुटुंबापासून लांब राहणं. अटी वाजवी हव्यात. ‘सभ्यपणे वागावं’ अशी मोघम अट सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात नाकारली. अट मोडली तर पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि उरलेली शिक्षा पुन्हा भोगावी लागते. पण सवलत रद्द करण्याआधी कारणं देणारी नोटीस आणि उत्तराची संधी द्यावीच लागते. नुसता एखादा गुन्हा नोंदला गेला म्हणून सवलत आपोआप रद्द होत नाही. हजेरीला गेल्यावर प्रत्येक वेळी वहीत सही-शिक्का घ्या, ती वही जपा.

‘मंत्रालयात ओळख आहे, काम करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे द्यावेत का?

देऊ नका. तुरुंगाच्या दाराबाहेर असे लोक हमखास भेटतात. फाईल जात्याच पुढे सरकत असते, तो तिची तारीख कुठून तरी काढतो आणि आपणच हलवली म्हणून सांगतो. शिक्षाबंद्याला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो. तुरुंगात विधी सहाय्य केंद्र असतं, जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि १५१०० हा क्रमांक देशभर चालतो. जाताना नॉमिनल रोल, दोन्ही निकालपत्रं आणि आधीच्या अर्जांच्या पोचपावत्या बरोबर ठेवा.